किंजळीखालचे खडे

ठमाबाईला संशय घ्यायला कारण लागत नसे. दुकानदार हसून बोलला की ती घरी येऊन डाळीचा पुडा शेजारच्या तराजूवर घालून बघायची. शेजारणीने न मागता वाटीभर कालवण दिलं, तर ते कालवण चुलीपाशी तसंच राहायचं आणि ठमाबाई पडवीत बसून तिने ते का दिलं असेल याचा विचार करायची. त्यामुळे सून झऱ्यावरून यायला उशीर लावते हे चैत्रात तिच्या ध्यानात आलं, तेव्हा तिने सुनेला काही विचारलं नाही. विचारलं की माणूस तयार होतं. ती गुपचूप मागून गेली.

वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कुडपणच्या डोंगराच्या कुशीत. चौदा घरं, त्यांतली सहा कुलपात, फक्त गणपतीला उघडणारी. नळ दारापर्यंत आले होते, पण शिमगा झाला की त्यांतून नुसती हवा यायची. वरची विहीर आटली की बायांना खाली ओढ्यातल्या झऱ्यावर जावं लागे. उतरायला त्रास नव्हता. चढ मात्र उभा, आणि डोक्यावर हंडा, कमरेला कळशी.

दर्शना शिवथरची. लग्नाला सहा वर्षं झालेली, मुलगी सेजल पाच वर्षांची. नवरा भरत भांडुपला कारखान्यात, वर्षातून दोनदा घरी यायचा. म्हणजे घरात सासू, सून आणि नात. ठमाबाईला नजर ठेवायला दुसरं कुणी नव्हतंच, त्यामुळे सगळी नजर दर्शनाच्या वाट्याला आली.

ठमाबाई करवंदीच्या जाळीआड बसली. काटे लुगड्यात अडकत होते. खाली दर्शनाने हंडा भरला, डोक्यावर चुंबळ ठेवली, हंडा चढवला, कळशी कमरेला घेतली. सुरुवातीला ती बरी आली. मग पाऊल जड झालं, मग पाय फरफटायला लागले, आणि किंजळीच्या झाडापाशी पोचल्यावर तिने हंडा खाली टेकवला नि मुळावर बसली. दोन्ही हातांनी मांड्या दाबत राहिली.

आता फोन निघेल म्हणून ठमाबाईने मान लांब केली. फोन निघाला नाही. कुणी माणूसही आला नाही. दर्शना नुसती बसली, तोंडाने श्वास घेत, आणि तंबाखूची चिमूट मळून होईल एवढ्या वेळाने उठून चालायला लागली. वर सातविणीच्या झाडापाशी पुन्हा बसली.

'नुसतीच बसते,' ठमाबाई मनाशी म्हणाली, आणि तिला हे फोनपेक्षा वाईट वाटलं. सत्तावीस वर्षांची बाई! या वयात ठमाबाई एकावर एक दोन हंडे घेऊन, पोटात भरत असताना, एका दमात वर येत असे. निदान ती तसं सांगत असे.

त्या बाजूला भाजावळीच्या, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायच्या, दिवसांत बाया रानातून पाल्याचे भारे आणतात, तेव्हा दर भाऱ्याला बांधावर एक खडा ठेवतात. मग कुणी किती भारे आणले यावर भांडण होत नाही. ठमाबाईने ओढ्यातला एक गुळगुळीत खडा उचलला आणि दर्शना दिसेनाशी झाल्यावर किंजळीच्या दोन मुळांच्या बेचक्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसरा ठेवला.

रविवारी भरतचा फोन आला.

"तुजी बायको कामाला वाकडी हाय," ठमाबाईने सांगून टाकलं.

"आये, तिला बरं नसंल."

"बरं नाय तर दोन भाकऱ्या कशा खाते? डोकं दुकतं म्हंते, पाय दुकतात म्हंते. आनि उतरताना कसे दुकत नाय रे? मी सोता बगितलंय. उतरताना टणाटण जाते, चढताना बसते."

"मग मी काय करू हितनं?"

"तू काय करू नको. तिच्या भावाला सांग, येऊन घेऊन जा म्हनावं. चार महिने ऱ्हाऊ दे शिवथरला. सेजल हितंच ऱ्हाईल."

भरत गप्प झाला. तो नेहमीच असा गप्प व्हायचा, आणि त्या गप्प बसण्याचा आई एक अर्थ लावायची नि बायको दुसरा.

दर्शना चुलीपाशी ऐकत होती. चार महिने म्हणजे किती, हे तिला माहीत होतं. माहेरी शेजारची मैना अशीच चार महिन्यांसाठी आली होती. तेव्हा तिचा मुलगा पाळण्यात होता. आता तो दहावीला गेला होता आणि मैना अजून भावाच्याच घरी भांडी घासत होती. दर्शनाने सेजलला जवळ ओढलं. सेजलला खेळायला जायचं होतं, ती हात सोडवून पळाली.

किंजळीखालचे खडे दर्शनाने केव्हाच बघितले होते. आधी पाच होते, मग सहा, मग नऊ. सगळे ओढ्यातले, एका जातीचे, आपसूक डोंगरावर चढून येणार नाहीत असे. आणि खडे वाढत होते तसे तिचे पाय जास्तच जड होत होते. याचा अर्थ लावायला देवऋषी कशाला हवा? कुणीतरी आपले पाय बांधतंय हे तिला कळलं, आणि कोण तेही कळलं. किंजळ टाळून पुढे जाऊन बसावं म्हणून ती दोनदा जीव तोडून चालली. दोन्ही वेळा पाय लाकडासारखे झाले आणि तिथेच, त्या खड्यांशेजारी बसावं लागलं. खड्यांना तिने हात लावला नाही.

भावाला, दीपकला, तिने चोरून फोन केला. दीपकने कुणाच्या तरी हाती काळा दोरा पाठवला. तो तिने डाव्या घोट्यावर बांधला आणि वरून साडी ओढून घेतली.

ठमाबाईपासून काय लपणार! दोरा तिने दुसऱ्याच दिवशी बघितला. भरतला मुठीत ठेवायचे उद्योग चाललेत, असं तिने ठरवलं, आणि त्या दिवसापासून सुनेने वाढलेल्या भातातला पहिला घास ती मांजराला घालू लागली. वैशाखापर्यंत मांजर चांगलं गोल झालं.

वैशाखात आशाताई रेश्मा घरोघर दाब तपासत आली. दर्शनाच्या दंडाला पट्टा बांधून तिने मशीनकडे बघितलं, पट्टा सोडला, पुन्हा बांधला.

"वैनी, एकशे नव्वद दाखवतंय. या वयात एवढा कसा? महाडला दाखवा. मी थट्टा नाय करत."

ठमाबाई दारातून बघत होती. रेश्माचं माहेरही शिवथरकडचंच, हे तिला बरोबर आठवलं.

संध्याकाळी दीपकचा फोन ठमाबाईला आला. "मावशी, बहिनीला घेऊन जातो. तुमचं म्हननं मान्य. पन आधी महाडला डॉक्टरला दाखवू. काय नाय निघालं तर तिथनंच शिवथरला नेतो. मग तुमच्या दारात आमी पाय ठेवनार नाय."

"आनि पोर?"

"पोर तुमची."

एवढ्या लवकर कबूल झाला, म्हणजे डॉक्टर पढवून ठेवलेला असणार. ठमाबाई स्वतः जायला निघाली. तिने दर्शनाच्या चार साड्यांचं गाठोडं बांधलं आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी घेतली. सेजलला शेजारच्या ठकूबाईकडे ठेवलं. निघताना दर्शनाने तिची वेणी घातली, सोडली आणि पुन्हा घातली.

"किती वेळा गो आय?" सेजल कुरकुरली.

"सैल झालीवती," दर्शना म्हणाली. गाठोडं तिने बघितलं होतं.

जीपने पोलादपूर, तिथून एसटीने महाड. दीपक दवाखान्याच्या दारात उभा होता. डॉक्टरीण बाई निघाली, दीप्ती मॅडम, आणि वयाने दर्शनाएवढीच. ठमाबाईला ते मुळीच आवडलं नाही. दीपक आणि डॉक्टरीण एकमेकांकडे ओळखीचं बघतात का, ते ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून तपासत होती. बघितलं नाही. म्हणजे फारच नीट पढवलेलं होतं.

"किती चाललं की पाय दुखतात?" मॅडमनी विचारलं.

दर्शनाने सासूकडे बघितलं. "चालते मी. जमंल तितकं."

"म्हणजे अंदाजे किती? घरापासून कुठपर्यंत?"

दर्शना पदर चाळवत राहिली. दुखतात म्हटलं तर कामचुकार, दुखत नाहीत म्हटलं तर आजारी नाही. दोन्हीकडून गाठोडंच.

"मी सांगते," ठमाबाई म्हणाली, आणि तिने पिशवी टेबलावर उपडी केली. खडे खळखळत पसरले, दोन खाली पडून कपाटाखाली गेले. "एकावन्न हायत. एका खेपेला एक. मी मागनं जात व्हते रोज. झऱ्यापास्नं किंजळीपोतर येते आनि हंडा टेकवून बसते. मोजा पायजे तर."

दर्शना खुर्चीतून उठली.

"खडे मोजायला ठेवत व्हता तुमी?"

"मग कशाला ठेवीन? करनी करायला?"

"मला वाटलं..." दीपक खाली बघायला लागला. त्या खड्यांच्या उताऱ्यासाठी त्याने दोन नारळ आणि एक चांगला कोंबडा घालवला होता.

डॉक्टरीण हसली नाही. ती खड्यांकडे बघत होती.

"आजी, रोज त्याच झाडाखाली बसायची? कधी अलीकडे, कधी पलीकडे असं नाही?"

"त्याच."

"तुम्ही बघताय हे तिला ठाऊक होतं?"

"नाय. ठावं नसताना काय करते तेच तर बगायला गेले."

"बसल्यावर किती वेळाने उठते?"

"तंबाकू मळून व्हईस्तवर. मग पुन्ना तेवढीच चालते, सातविणीपाशी बसते."

"आणि उतरताना?"

"उतरताना बसत नाय! मी तेच सांगते हाय कवापास्नं."

मॅडम लिहून घेत होत्या. ठमाबाई खुर्चीत नीट सरसावून बसली. तिचं गाऱ्हाणं आजवर कुणी कागदावर घेतलं नव्हतं.

"काम टाळणारं माणूस सावली बघून बसतं, गप्पांना सोबत बघून बसतं," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "एकावन्न वेळा एकाच जागी बसत नाही. कुणी बघत नसताना तर नाहीच. बरं झालं तुम्ही मागून गेलात."

ठमाबाईला हे कौतुक आहे की टोमणा ते कळेना.

मॅडमनी दर्शनाला झोपवून दंडावर पट्टा बांधला. एकशे चौऱ्याण्णव. मग मोठा पट्टा आणून मांडीला बांधला आणि गुडघ्यामागे नळी लावून ऐकत राहिल्या. शंभर.

"मशीन बिगडलंय," ठमाबाई म्हणाली. "एका मानसाचे दोन आकडे कसे?"

"या, तुम्ही झोपा."

ठमाबाईची तयारी नव्हती, पण माघार घ्यायचीही नव्हती. तिच्या दंडाला एकशे चाळीस निघाला आणि मांडीला एकशे पन्नास.

"बघा. पायाचा थोडा जास्तच हवा. हिचा निम्मा आहे."

ठमाबाई उठून बसली. आकडा कुणीही काहीही सांगेल. तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. मॅडमनी दीपकला बाहेर जायला सांगितलं.

"आजी, तुमचा मशीनवर विश्वास नाही. नाडी बघता येते?"

प्रश्न वर्मावर बसला. दवाखाना दूर होता त्या काळात ठमाबाईने वाडीतली तेवीस बाळंतपणं केली होती. पोटावर हात ठेवून मूल आडवं की उभं ते ती सांगत असे, आणि चुकत नसे. माणसाच्या तोंडावर, कागदावर, तराजूवर तिचा विश्वास नव्हता. स्वतःच्या बोटांवर होता.

मॅडमनी तिची दोन बोटं धरून तिच्याच जांघेत टेकवली. तिथे ठोका चांगला खणखणीत लागत होता. मग ती बोटं दर्शनाच्या जांघेत टेकवली. दर्शनाने डोळे मिटून मान भिंतीकडे केली. सासूसमोर साडी वर घेऊन पडायची वेळ तिच्यावर सेजलच्या वेळीही आली नव्हती.

ठमाबाईच्या बोटांना काही लागलं नाही. तिने दाबून बघितलं, जरा वर, जरा बाजूला. मग फार खोलवर काहीतरी हललं, इतकं बारीक की आहे म्हणावं की नाही. तिने दुसरी बाजू बघितली. तिथेही तेच. पाय हाताला गार लागत होते. बाहेर वैशाखाचं ऊन तापलेलं होतं.

"बाय गो," ठमाबाई म्हणाली. बोटं तिने लवकर काढली नाहीत.

मॅडमनी समजावलं. काळजातून निघालेली मोठी रक्तवाहिनी पोटातून खाली येते आणि तिच्या दोन फांद्या पायांत जातात. दर्शनाची ती पोटातच अरुंद झाली असावी. नक्की काय ते मुंबईला मोठा फोटो काढल्यावर कळेल. वर दाब साचतो म्हणून डोकं दुखतं, खाली रक्त पुरत नाही म्हणून चढावर पाय थांबतात. असंच ठेवलं तर मेंदूवर जाईल, मूत्रपिंडावर जाईल.

"पाटात दगड अडकल्यागत?" ठमाबाईने विचारलं.

"तसंच."

गाठोडं परत वाडीला आलं. ते ठमाबाईनेच आणलं, आणि एसटीत मांडीवरून खाली ठेवलं नाही. तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की तिला राग यायचा. दर्शना खिडकीतून बघत होती. मला खड्यांनी नाही, रोगाने धरलंय, हे तिला पटलं होतं; पण खडे ठेवणारी बाई शेजारी बसली होती, हेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून पाऊस लागेपर्यंत पाणी ठमाबाईने आणलं. किंजळ ती हट्टाने पार करायची, सातविणीपाशी मात्र टेकायची. टेकायच्या आधी मागे वळून बघायची. मागे कुणी नसायचं.

मुंबईच्या फोटोत निघालं ते मॅडम म्हणाल्या तसंच. रक्तवाहिनीला आतून सूज होती. आधी ती उतरवायच्या गोळ्या झाल्या, चांगले पाच महिने. दर्शनाचं तोंड सुजलं आणि वाडीत कुणी म्हणालं की बाई बाळसं धरतेय. ठमाबाईने त्या बाईशी बोलणं टाकलं. दिवाळीनंतर मोठ्या इस्पितळात रक्तवाहिनीत जाळी बसवायची तारीख मिळाली. खर्च सरकारी योजनेत बसणार, हे ऐकून ठमाबाईचा संशय पुन्हा ताजा झाला.

"फुकट कोन कुनाच्या पोटात जाळी घालतो रे? आनि गंजली म्हंजे?"

"गंजत नाय आये, डॉक्टर बोलला," भरत फोनवर म्हणाला. त्याने आठ दिवसांची रजा टाकली होती. लग्नानंतर तो बायकोजवळ एवढा सलग पहिल्यांदाच राहत होता.

जांघेतून बारीक तार आत घातली, अरुंद जागी फुगा फुगवला आणि तिथे जाळीची नळी बसवली. जेमतेम दोन तासांचं काम.

"टाके किती?" ठमाबाईने विचारलं.

"टाका नाय. जांघेत भोक फकस्त. पाय एक दिस वाकवायचा नाय सांगितलाय."

"पोट कापलं नाय?"

"नाय."

"फसवलं तुला, भरत. काय केलं नाय त्यांनी."

वाडीतही तेच झालं. दर्शना भरतबरोबर चालत घरी आली तेव्हा चार बाया अंगणात जमल्या होत्या. ठकूबाईने सरळच विचारलं, "कुटं कापलं गो? दाखव." जे दाखवायचं होतं ते चारचौघींत दाखवण्यासारखं नव्हतं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एवढे दिवस मुंबईला राहून आली आणि ओरखडासुद्धा नाही!

ठमाबाईने दर्शनाचा हात धरून तिला आत नेलं आणि दार लावलं.

"झोप. बगू दे."

दर्शना झोपली. सासू आपल्याला नाही, डॉक्टरांना तपासतेय, हे तिला कळत होतं. ठमाबाईने बोटं पदराला पुसून टेकवली. ठोका बोटांना येऊन थडकला. तिने बोटं काढून पुन्हा लावली. दुसरी बाजू बघितली. तळव्यांवर हात फिरवला. तळवे उबदार होते.

"लागतंय," ती म्हणाली. "हिकडं पन लागतंय." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि दर्शनाने ते बघितलं म्हणून ती दार उघडून भरतवर ओरडली, "उबा काय ऱ्हायलास? पानी तापव तिला!" मग अंगणातल्या बायांना म्हणाली, "झालाय विलाज. मी बगितलंय. जा आता घरी."

ठमाबाईने बघितलं म्हणजे प्रश्न मिटला. ती कुणावर विश्वास ठेवत नाही हे वाडीला माहीत होतं, म्हणूनच वाडीचा तिच्यावर विश्वास होता.

चैत्र आला, विहीर आटली. गोळ्या चालू होत्या, दाब उतरला होता. चालणं चांगलं, ओझं हळूहळू वाढवा, असं मॅडमनी सांगितलं होतं. एका सकाळी दर्शनाने हंडा उचलला.

"मी आनते," ठमाबाई म्हणाली.

"मी जाते आत्या."

ती गेली. ठमाबाई थोडा वेळ पडवीत बसली आणि मग रिकामी कळशी घेऊन निघाली. या वेळी तिला कुणाला पकडायचं नव्हतं. वाटेत कुठे कोसळली तर, एवढंच मनात होतं. तरी करवंदीच्या जाळीशी आल्यावर पाय आपोआप आत वळले. तिने स्वतःला आवरलं आणि सरळ वाटेवर आली, झऱ्यावर जाऊन कळशी भरली आणि दर्शनाच्या मागून चढायला लागली.

दर्शनाचं पाऊल एकसारखं पडत होतं. डाव्या घोट्यावर काळा दोरा होता. जुना इस्पितळात कापून टाकला होता. हा नवा होता. ठमाबाईने तो बघितला आणि ती चढत राहिली.

किंजळ आली. ठमाबाईला धाप लागली होती. पुढे हंडा टेकल्याचा आवाज होईल म्हणून ती कान देऊन होती. आवाज झाला नाही. दर्शना झाडाच्या पुढे गेली होती.

"दर्शना! बस गो जरा."

दर्शना थांबली. डोक्यावर हंडा, त्यामुळे ती अख्खी वळली. तिने आधी सासूकडे बघितलं, मग किंजळीच्या मुळांकडे, त्या दोन मुळांच्या बेचक्याकडे. तिथे वाळलेला पाला होता.

"नको आत्या," ती म्हणाली. "तुमी बसा. मी खडा ठेवनार नाय."

आणि ती वळून चालायला लागली. ठमाबाई मुळावर बसली. वर सातविणीपाशीही हंडा टेकल्याचा आवाज आला नाही.